जप्तीतला हेला

मित्रांनो, मी एक जुना हेला आहे. हेला म्हणजे म्हशीचा नर. तुमच्याकडे त्याला रेडा म्हणत असतील, टोणगा म्हणत असतील, नाहीतर नुसतेच "हल्या, हल्या" करून पाठीत काठी घालत असतील. नावाचा राग मी फार पूर्वी सोडला. पण एका गोष्टीचा राग अजून जात नाही. ती आठवली की रवंथ अर्धवट राहतो. म्हणून ती एकदा सांगून टाकतो.

मला सरकारने पकडले होते. मी चोरी केली नव्हती. कुणाच्या पिकात तोंड घातले नव्हते, कुणाला शिंग लावले नव्हते. एका माणसाने दुसऱ्याचे पैसे बुडवले, म्हणून मला पकडले. पैसे बुडवणारा घरी बसून भाकरी खात होता आणि मी वर्षाहून जास्त काळ कोंडवाड्यात उभा होतो. सांगा, ह्यात माझे काय चुकले?

पण सुरुवातीपासून सांगतो.

माझा जन्म सांगलीजवळ तवनाप्पा नावाच्या जैन शेतकऱ्याच्या गोठ्यात झाला. म्हशीला नर झाला की कुणी साखर वाटत नाही. पुष्कळ ठिकाणी त्याला आईचे दूधसुद्धा मिळत नाही, आणि थोड्या दिवसांत तो आपोआप मरतो. लोक म्हणतात, जगला नाही. आमच्या घरी तसे नव्हते. तवनाप्पांची बायको चंदनबाला धार काढायला बसली की एक सड माझ्यासाठी सोडत असे. "जीव हाय त्यो. त्येच्या वाटणीचं आदी त्येला," असे ती म्हणायची. तिच्यामुळे मी जगलो, वाढलो आणि दाराएवढा रुंद झालो.

पण शेतात बैल होते. मी उन्हात नांगराला चालत नव्हतो. चालता चालता पाटाचे पाणी दिसले की त्यात बसत होतो. शेवटी तवनाप्पांनी मला बाजारात नेले. तिथे लालासाहेब नावाचे चुन्याचे ठेकेदार आले. फेटा चांगला, आवाज मोठा. तवनाप्पांनी त्यांना एकच अट घातली. "काम काय बी घ्या, पर ह्येला कसाबाला द्यायचा न्हाई." लालासाहेबांनी माझ्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाले, "शब्द दिला." लालासाहेबांनी आयुष्यात पाळलेला हा एकच शब्द असावा. तेवढे श्रेय मी त्यांना देतो.

त्यांनी मला येरळेच्या काठी आणले. ते गाव एका लहानशा संस्थानात होते. तिथे लालासाहेबांची चुन्याची भट्टी आणि घाणी होती. तुम्ही घाणी पाहिली नसेल. जमिनीत गोल चर असतो, तो दगडाने बांधलेला असतो. त्या चरात दगडाचे भले मोठे चाक उभे असते. भट्टीत भाजलेली चुनखडी पाण्यात विरवून वाळूबरोबर त्या चरात टाकतात आणि मी ते चाक ओढत गोल गोल फिरतो. सकाळी निघायचे आणि संध्याकाळी तिथेच पोचायचे. डोळ्यांत चुन्याची धूळ, खुरांना चुन्याची आग. गवंडी येऊन चिमटीत चुना घेऊन चोळायचे आणि म्हणायचे, "लोणी हाय, लोणी!" आणि मग लालासाहेबांच्या पाठीवर थाप मारायचे. पाठ माझी शेकत होती आणि थाप त्यांच्या पाठीवर पडत होती. पण ते असू द्या. कामाबद्दल माझी तक्रार नाही.

तेव्हा मोठी लढाई नुकतीच संपली होती. सिमेंट कुठे मिळत नव्हते. पूल, शाळा, गोदामे, जे बांधायचे ते चुन्यात बांधावे लागे. लालासाहेबांचा चुना साताऱ्यापर्यंत जाऊ लागला. भट्टी विझेना. बघता बघता ओढ्याकाठची चुनखडी खणून संपली आणि लालासाहेबांची नजर बनुबाईंच्या माळावर गेली.

बनुबाईंचा नवरा कृष्णात मराठा पलटणीत हवालदार होता. लढाई संपल्यावर सगळे घरी येतील असे तिला वाटले होते, पण त्याच्या पलटणीला जपानात पाठवले. ती एकटीच रान बघत होती. जोंधळ्याचे वावर होते, एक विहीर होती आणि बाकी सगळा माळ. विहिरीची एक कड दर पावसाळ्यात ढासळायची, आणि ढासळलेली माती तिला दर उन्हाळ्यात काढावी लागायची. विहीर दगडचुन्यात बांधून घ्यावी, एवढीच तिची इच्छा होती. तिच्या माळावर वीतभर माती उकरली की खाली पांढरी चुनखडी लागत होती.

लालासाहेब तिच्या दारात गेले. मी गाडीला जुंपलेला होतो, म्हणून सगळे माझ्या कानांनी ऐकले.

"गाडीमागं खंड देतो, बनुबाई. मिरगाच्या आदी सगळा पैसा तुमच्या दारात आनून ठिवतो."

"आणि खड्डं?"

"खड्डं बुजवून देतो की. आवं, माजा शब्द म्हंजे चुना हाय. एकदा धरला की सुटत न्हाई."

चुना लावणे म्हणजे काय, हे तुम्हाला शाळेत शिकवले असेल. मी ते त्या अंगणात शिकलो.

दिवाळीनंतर खणायला सुरुवात झाली. हिवाळाभर आणि उन्हाळाभर गाड्या चालल्या. माळ पार खरवडून निघाला. मृग लागला तेव्हा तिथे मोठमोठे खड्डे होते आणि बनुबाईंच्या हातात एक पैही नव्हती.

ती घाणीवर आली. लालासाहेब बाभळीखाली बसले होते, मी फिरत होतो.

"लालासाब, मिरीग आला."

"आला की. औंदा पाऊस बरा दिसतोय."

"पावसाचं न्हाई इचारत. खंडाचं इचारती."

"वरनं बिल न्हाई आलं. बिल आलं की पैलं तुमचं."

ती गेली. पुढच्या बाजाराला परत आली. तेव्हा लालासाहेब म्हणाले, "तुमी म्हंता तेवढ्या गाड्या न्हवत्या. निम्म्यात तर मातीच निगाली." ती गेली आणि पुन्हा आली. तेव्हा त्यांनी तिसरेच काढले. "रान कुणाच्या नावावर हाय? कृष्णातच्या. मग पैसा तुमच्या हातात कसा दिऊ? उद्या त्यो येऊन मागंल. दोनदा भरू का मी? त्येची सही आना."

"त्येनी जपानात हाईत!"

"मग आनवा जपानातनं."

मित्रांनो, खणताना जमीन कुणाच्या नावावर आहे, हे त्यांनी विचारले नव्हते. पैसे द्यायची वेळ आली तेव्हा त्यांना जपान आठवला.

 बनुबाई सरळ चालत आली आणि घाणीच्या वाटेवर, माझ्यापुढे उभी राहिली. "ह्यो चुना माज्या माळाचा हाय. माजं दिल्याबिगर चाक फिरायचं न्हाई," ती म्हणाली. मी थांबलो. लालासाहेबांचा गडी सिद्धू मागून काठी मारू लागला. मी हललो नाही. पुढे गावात लोक म्हणायचे, बघा, मुक्या जनावराला न्याय कळला. न्यायबिय काही नाही. ऊन होते आणि मी दमलो होतो. थांबायला कारण मिळाले, थांबलो. पण एवढे खरे, की लालासाहेब त्या दिवसापासून माझ्याकडे वाकड्या नजरेने बघू लागले.

शेजारच्या आयाबाया बनुबाईंना म्हणाल्या, "कशाला कचेरीचं उंबरं झिजवतीस? पत्रीसरकारच्या मानसांना सांग. एका सांजंत निकाल लागंल." ती म्हणाली, "मला कुनाच्या पायाला पत्री न्हाई मारायची. माजा पैसा मला पायजे, त्यो बी सरळ वाटंनं." आणि ती संस्थानच्या कचेरीत गेली.

आता कायदा ऐका. तो मला पुढे पाठ झाला, कारण कोंडवाडा कचेरीला लागून होता आणि कारकून तो सारखा मोठ्याने वाचत असे. कुणी दुसऱ्याच्या रानातून दगड, मुरूम, चुनखडी काढली, तर रानाच्या मालकाला ठरलेला खंड मृगाच्या आत द्यायचा. न दिला तर त्यावर व्याज. तरीही न दिला तर मालकाने अर्ज करायचा आणि कचेरीने ठेकेदाराची जनावरे, गाड्या आणि माल जप्त करायचा. मग लिलाव, आणि त्यातून मालकाचे पैसे. ऐकायला किती चांगले आहे! ज्याने लिहिले तो भला माणूस असणार. फक्त त्याने लिहिताना एखाद्या जनावराला विचारायला हवे होते.

आधी कृष्णातचे मुखत्यारपत्र मागवावे लागले. ते जपानातून, पलटणीच्या साहेबाचा शिक्का घेऊन, यायला हिवाळा उजाडला. संक्रांत झाली आणि मग जप्तीचा हुकूम निघाला.

हुकूम निघाल्याची बातमी हुकमाच्या आधी घाणीवर पोचली. लालासाहेबांनी आदल्या दिवशीच सगळा चुना गाड्यांत भरला आणि बैल जुंपून ओढ्यापलीकडे मेहुण्याच्या गावी लावून दिला. ओढा ही संस्थानची हद्द होती. पलीकडे इंग्रजी मुलूख, तिथे आमच्या कचेरीचा हुकूम चालत नव्हता. दहा पावलांचा ओढा, त्यात घोट्याएवढे पाणी, आणि त्याने कायदा अडत होता. मला का नेले नाही? कारण मी हळू चालतो, आणि त्या ओढ्यात बसलो असतो तर संध्याकाळपर्यंत उठलो नसतो.

दुसऱ्या दिवशी कचेरीचा शिपाई नाथाजी बिल्ला लावून आला. मागे कारकून. त्यांनी रिकामी भट्टी पाहिली, रिकामी घाणी पाहिली. दगडी चाक हलवून पाहिले, ते हलले नाही. मग दोघांनी माझ्याकडे पाहिले. कारकुनाने लिहिले आणि मोठ्याने वाचले, "हेला, काळा, नग एक."

नग! मी चंदनबालेच्या गोठ्यातला, एक सड राखून वाढवलेला. मी नग झालो.

कोंडवाडा म्हणजे चार दगडी भिंती. वर छप्पर नाही, आत झाड नाही. आम्हा म्हशीच्या जातीला घाम फारसा येत नाही, म्हणून आम्हाला पाण्यात बसावे लागते. हे साऱ्या मुलखाला माहीत आहे. कोंडवाडा बांधणाऱ्याला तेवढे माहीत नसावे.

संध्याकाळी कारकुनाने बनुबाईंना बोलावले. मी भिंतीवरून बघत होतो.

"बाई, जनावर जप्त झालं. आता त्याच्या वैरणपाण्याची व्यवस्था तुम्ही करायची."

"मी? आवं, हेला त्येंचा!"

"हेला त्यांचा, पण अर्ज तुमचा. अर्जदाराने खर्च करायचा, असा कायदा आहे. वैरण बंद झाली तर जप्ती उठली."

"पैसा माजा बुडाला, आन वैरण बी मीच घालू?"

"पुढे खर्च वसूल होतो, बाई."

"कवा?"

कारकुनाने कागद मिटला. ह्या "कवा"चे उत्तर त्या कायद्यात नव्हते.

कायद्याचे हे शेपूट लालासाहेबांना आधीपासून ठाऊक होते. ते गावात सांगत फिरले, "बगू, बाई किती दिस दुसऱ्याचा हेला पोसती. त्येचं पोट बगितलंय का? दमंल आपोआप."

दुसऱ्या दिवशी बनुबाई डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन आली. गावापासून कचेरी लांब होती. तिने पेंढी भिंतीवरून माझ्या अंगावर फेकली. "खा मेल्या," ती म्हणाली. "माज्या जोंधळ्याचा हाय." मलाही राग आला होता. मी पेंढी शिंगावर घेऊन तिच्यावरच उलटी फेकली. अशी आमची ओळख झाली. पुढे कितीतरी दिवस ती रोज येऊन मला शिव्या द्यायची आणि मी फुरफुरायचो. दोघांचाही राग खरा होता आणि तो तिसऱ्याच माणसावर होता. पण तो माणूस तिथे नव्हता, मग करणार काय?

चैत्र आला. दगड तापले. माझी कातडी तडकू लागली, तोंडाला फेस येऊ लागला. एके दुपारी मी बसलो तो उठेनाच. बनुबाई आली, तिने पेंढी टाकली, मी मान वळवली नाही. ती भिंतीवरून आत उतरली. तिने माझ्या नाकाला हात लावून पाहिला आणि बाहेर जाऊन नाथाजीला धरले.

"नाथाजी, ह्येला नदीवर न्यायला पायजे."

"वैनी, जप्त माल कोंडवाड्याच्या बाहीर काडता येत न्हाई. हुकूम हाय."

"माल मेला तर लिलाव कशाचा करशील? कातड्याचा?"

"साहेबांना इचारावं लागंल."

"साहेब कुटं हाईत?"

"म्हाबळेसरला. उन्हाळ्याचं."

मित्रांनो, साहेबांना उकडत होते म्हणून ते महाबळेश्वरी गेले होते. मला उकडत होते, तर मला हुकूम हवा होता.

बनुबाई तिथेच, फाटकात, बसली. "मी हितनं उटत न्हाई," ती म्हणाली. नाथाजी वाईट माणूस नव्हता. पगार थोडा होता आणि भीती फार होती. त्याने इकडेतिकडे पाहिले. मग त्याने बिल्ला नीट केला, फाटक उघडले, माझ्या गळ्यात दोर घातला आणि म्हणाला, "माल माज्याच ताब्यात हाय. मी नदीवर चाललोय. माल माज्या संगट येतोय." त्या दिवसापासून उन्हाळा संपेपर्यंत कचेरीचा शिपाई बिल्ला लावून मला रोज येरळेच्या डोहात घालत असे आणि काठावर पहारा करत बसे. बनुबाई नारळाच्या सोडणाने माझी पाठ घासायची. मी तिच्याकडे बघितले की ती म्हणायची, "बगतोस काय? तुज्यासाटी न्हाई, माज्या पैशासाटी करती." मी मान हलवायचो. काय कशासाठी चालले आहे, एवढेही मला आजवर कुणी सांगितले नव्हते.

पावसाळ्यात स्वातंत्र्य आले. गावात साखर वाटली, कचेरीवर पताका लावल्या. कुठे कुठे कैद्यांनाही सोडले, असे नाथाजी सांगत होता. मला नाही सोडले. मी कैदी नव्हतो, माल होतो.

पाऊस उघडल्यावर लिलाव झाला. मला धुतले, शिंगांना तेल लावले. चावडीसमोर माणसे जमली. मामलेदार खुर्चीवर बसले. नाथाजीने हाळी दिली, "बोला, जप्तीचा हेला, काळा, नग एक!" कुणी बोलेना. लालासाहेबांनी बाजारभर सांगून ठेवले होते, हेला मारका आहे, दोन माणसे लोळवली आहेत. मी कुणालाच लोळवले नव्हते. मला ते सांगता आले असते तर मी सांगितले असते. शेवटी मागून लालासाहेबांचे मेहुणे उभे राहिले आणि त्यांनी एका शेळीच्या किमतीची बोली लावली. मामलेदार म्हणाले, "ठरल्या किमतीच्या खाली देता येत नाही. लिलाव तहकूब." मला परत कोंडवाड्यात नेले. काही दिवसांनी पुन्हा धुतले, पुन्हा तेल, पुन्हा तीच शेळी, पुन्हा तहकूब. असे किती वेळा झाले ते मी विसरलो. माझ्या शिंगांना तेवढे तेल जन्मात लागले नव्हते.

त्याच सुमारास कृष्णात जपानातून घरी आला. बायको घरी नाही, म्हणून तो शोधत कचेरीपाशी आला. खांद्यावर पलटणीची पिशवी तशीच होती. त्याने पाहिले, बनुबाई कडबा तोडून मला घालत होती.

"आगं, ह्यो कुनाचा हेला?"

"लालासाबचा."

"मग तू कशापायी वैरण घालतीस?"

"त्येनी आपला पैसा बुडिवला म्हनून."

कृष्णातने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "मी लढाई बगून आलो. पर ह्यो डाव काय मला उमगला न्हाई."

तिने सगळे सांगितले. तो भिंतीला टेकून खाली बसला. "सोड गं त्यो नाद," तो म्हणाला. "माजा पगार साटलाय थोडा. हिर बांदू त्यातनं. उगं किती दिस राबायचं?"

बनुबाईंच्या हातातला कडबा तसाच राहिला. "हिरीचं न्हाई आता," ती म्हणाली. "मी आज सोडलं तर औंदा त्यो शेजारच्या रंगूबाईच्या माळावर जाईल. तिला बी म्हनंल, माजा शब्द चुना हाय. मग ती कुनाचा हेला पोसंल? तिच्याकडं तर जोंधळा बी न्हाई."

 दुसऱ्या दिवशी कृष्णात चार मेढी आणि उसाचे पाचट घेऊन आला आणि माझ्या डोक्यावर छपरी घालू लागला. नाथाजी धावत आला. "हवालदार, जप्त मालावर छप्पर घालायचा हुकूम न्हाई!" कृष्णातने मेढ ठोकता ठोकता विचारले, "घालू नये आसा हाय का?" नाथाजी आत जाऊन कारकुनाला विचारून आला. तसाही नव्हता. छपरी झाली. एवढ्या मोठ्या कायद्यात माझ्या कामाची एवढीच एक फट निघाली.

मग फाल्गुनात एके दिवशी कचेरीवरची पाटी उतरवली. संस्थान संपले, मुंबई राज्यात विलीन झाले. नाथाजीने जुना बिल्ला काढून दिला आणि त्याला नवा मिळाला. साताऱ्याहून नवे मामलेदार आले. तरुण होते. त्यांनी सगळा जुना माल तपासायला काढला. खुर्च्या, कपाटे, दोन बंदुका, आणि मी.

लालासाहेब पहिल्याच दिवशी हजर झाले. हात जोडून म्हणाले, "साहेब, राज्य गेलं, कायदा गेला, जप्ती गेली. माजा हेला मला द्या." आणि त्याच दमात दुसरा कागद पुढे केला. सरकार येरळेवर पूल बांधणार होते. रंगूबाईंच्या माळावर चुनखडी काढायला त्यांना नवा परवाना हवा होता.

बनुबाई आणि कृष्णात दाराशी उभे होते. मला वाटले, आता झाले. आता हे सगळे पुन्हा पहिल्यापासून. 

मामलेदारांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. त्यांनी बनुबाईंना आत बोलावले आणि सगळे विचारून घेतले. मग ते लालासाहेबांना म्हणाले, "संस्थान विलीन झालं. बाईंचा पैसा विलीन झालेला नाही. जुनी थकबाकी असेल, तर नवा परवाना मिळत नाही."

 खिडकीतून मला लालासाहेबांचा फेटा दिसत होता. तो आधी ताठ होता, मग जरा हलला, मग खाली गेला. दोन दिवसांनी ते पैसे घेऊन आले. कोंडवाड्याच्या फाटकात, चार माणसांसमोर, त्यांनी ते मोजले आणि बनुबाईंपुढे धरले. "ह्यो घ्या खंड. ह्ये व्याज. झालं समाधान? सोडा आता हेला."

बनुबाईंनी पैसे घेतले नाहीत. "आन वैरण?"

"कसली वैरण?"

"सव्वा वरसाची. खर्च पुढं वसूल हुतो म्हनलं हुतं मला."

कारकुनाने चष्मा पुसला आणि मान हलवली. तसेच लिहिलेले होते. मग कडब्याचा हिशोब झाला. मित्रांनो, मी खातो थोडे जास्त, हे कबूल करतो. पण हिशोब ऐकून मलाच लाज वाटली. वैरणीचे पैसे खंडापेक्षा वर गेले. लालासाहेबांचे तोंड पडले. "आवं, ह्या किमतीत नवा हेला यील!" ते ओरडले. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "घ्या, ह्योच घ्या वैरणीपोटी. म्हातारा तर झालाय. न्या आन पोसा जलमभर."

तर मित्रांनो, असा मी विकलो गेलो. मी स्वतः खाल्लेल्या वैरणीच्या किमतीला. अशी किंमत कुठल्याही बाजारात कुठल्याही जनावराला आली नसेल.

बनुबाईंनी खंडाचे पैसे पदरात बांधले आणि बाहेर येऊन माझा दोर सोडला. कृष्णात हसत होता. "आता कुनाच्या पैशासाटी घालनार वैरण?" त्याने विचारले. "गप बसा," ती म्हणाली, आणि मला म्हणाली, "चल." नाथाजीने फाटक उघडले. तो आमच्याबरोबर वेशीपर्यंत आला. कशाला आला ते त्याने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

विहीर बांधून झाली. लालासाहेबांना परवाना मिळाला, पण रंगूबाईंनी पहिल्या गाडीचा खंड हातात पडल्याशिवाय दुसरी गाडी भरू दिली नाही. बनुबाईंच्या माळावरचे खड्डे मात्र कुणी बुजवले नाहीत. खड्ड्यांबद्दल कायद्यात काही लिहिलेले नव्हते म्हणे. पावसाळ्यात ते भरतात. त्यांतल्या सर्वात मोठ्या खड्ड्यात मी बसतो आणि ह्या साऱ्याचा विचार करतो. विचार केला की अजून डोके तापते, म्हणून मी ते पाण्यात बुडवतो.

आता मी फार काम करत नाही. दात झिजले आहेत. बनुबाई कडबा बारीक तोडून घालते आणि माझ्या पोटाबद्दल काहीतरी पुटपुटते. मला ते ऐकू येते.

मित्रांनो, तुम्ही लहान आहात, उद्या मोठे व्हाल. कुणी ठेकेदार होईल, कुणी कारकून, कुणी मामलेदार. कुणाच्या रानातून, कुणाच्या माळातून काही काढून नेलेत, तर त्याचे देणे त्याच्या दारात नेऊन द्या. त्याला तुमच्या दारात यायला लावू नका. कायदा लिहिणारे व्हाल, तर त्यातला "कवा" लिहायला विसरू नका. आणि हे सगळे जमलेच नाही, भांडण झालेच, तर ते माणसामाणसांत ठेवा. मध्ये जनावर बांधू नका.

बांधलेच, तर सावलीला बांधा.